दिशाकडे दोनशे बत्तीस!

घरातली वीज सुखरूप मोजावी तर ती मीच! रेवसपासून बोर्लीपर्यंत शोधा, मल्टिमीटर घेऊन सासुरवाडीला जाणारा दुसरा जावई सापडणार नाही. लोक मिठाई नेतात, मी मीटर नेतो!

त्या दिवशी माझ्या मेहुणीचा, दिशाचा साखरपुडा होता. मुलाकडची मंडळी दुपारी बोर्लीहून यायची होती. मुलाची आत्या ठमाबाई मात्र सकाळीच येऊन पडवीत बसली होती. मदतीला म्हणे!

सासूबाई म्हणाल्या, "जावयबापू, दिशाच्या खोलीतला पंखा लय मंद फिरतोय. लाईट कमी येते का काय?"

"मी असताना काळजी कसली!"

रबरी चप्पल घातली. हात पुसून कोरडे केले. वायर कुठे सोलली नाही ना, ते पाहिलं. मीटरची चकती एसी व्होल्टच्या सातशे पन्नासवर! आधी बाहेरच्या चालू सॉकेटवर मीटर पारखला आणि मगच खोलीत शिरलो. धातूच्या टोकांना बोट न लावता दोन्ही काड्या सॉकेटात घातल्या आणि आनंदानं ओरडलो, "दिशाकडे दोनशे बत्तीस!"

खोट पंख्यात होती, विजेत नव्हती. मी खूश!

खिडकीबाहेरून ठमाबाईंचा आवाज आला, "दोनशे बत्तीस? जास्त न्हाय का?"

"छे! रात्री तर अडीचशेला टेकते!"

"अगो बाई! कवापासून हाय ह्ये?"

"आजोबांच्या वेळेपासून! सासूबाईंकडे तर याहून जास्त!"

"मग आमी काय काळजी घ्यायची?"

"काही नाही. ओल्या हातानं हात लावायचा नाही, बस्स!"

बाई फोन घेऊन लगबगीनं अंगणात गेल्या. माझ्या ज्ञानानं दिपल्या असाव्यात, असं मला वाटलं.

दुपारी मंडळी आली ती सुतकी चेहऱ्यानं. मुलाचे वडील बाळाजी यांनी सासूबाईंपुढे पिशवी ठेवली. पेढ्यांऐवजी आत कारली!

"साखरपुड्याला कारली?" सासूबाईंनी पिशवी उलटी करून पाहिली.

"मनुबाई," बाळाजी सासूबाईंना म्हणाले, "तुमी आधी सांगाया पाहिजे व्हतं. घरचे म्हनत व्हते, मोडा लगीन. पन आमचा साहिल हटूनच बसला. शुगर असली तरी करीन तर दिशालाच!"

"शुगर? कुनाला?"

सगळ्यांनी दिशाकडे पाहिलं. ठमाबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"दाजी!" दिशा किंचाळली. "काय बोललात तुम्ही?"

तेव्हा कुठे मला त्या दोनशे बत्तीसचा उलगडा झाला. मेहुणीचं लग्न मोडता मोडता राहिलं होतं, तेही माझ्या मीटरपायी! धावत जाऊन मीटर आणला आणि सगळ्यांसमोर सॉकेटला लावला. "ही वीज आहे हो, वीज! पोरगी ठणठणीत आहे!"

बाळाजी पोट धरून हसत सुटले. साहिल लाजून खाली पाहू लागला आणि दिशाचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझी छाती फुगली. मुलगा किती सच्चा आहे, ते लग्नाआधी कोणाला कळतं? माझ्यामुळे कळलं! मग मी सगळ्यांना व्होल्टेज म्हणजे काय, ते अगदी सविस्तर समजावून सांगितलं. ठमाबाई सर्वांत जास्त मान डोलवत होत्या.

व्याख्यान संपलं तशा त्या पदर सावरत पुढे आल्या.

"समजलं हो सगलं! हुशार हाय जावय," म्हणाल्या आणि माझ्यापुढे बोट धरलं. "आता माजी बघा. सकालपासून उपाशीच हाय!"