वामनरावांची शिरगणती

वामनराव भागवत एकतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीची एकही वाघीण, म्हणजे मालाचा डबा, हरवली नव्हती. झाशीच्या रेल्वे कॉलनीत ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. होणारच. निवृत्त झाल्यापासून वामनराव दुसरं काही बोलतच नव्हते.

कॉलनीच्या प्राथमिक शाळेत शनिवारी फुटबॉल असे. एका शनिवारी दुसरीतल्या तानाजीचा दात पडला. तो आठ दिवस हलतच होता, पण पडला फुटबॉल खेळताना. त्याच्या आईने तो रुमालात बांधून मुख्याध्यापिका अहिल्याबाईंच्या टेबलावर आणून ठेवला. बाईंनी खेळ बंद करायचं ठरवलं. मुलांची तोंडं पाहवेनात.

तेव्हा वामनराव पुढे झाले. "बाई, चाळीस-चाळीस वाघिणी मी इटारसीपर्यंत सांभाळून नेल्यात. ही तर वीस-बावीस पोरं."

वाघिणी आपण होऊन पळत नाहीत, हे बाईंनी सांगून पाहिलं. पण शेवटी त्यांनी एक शनिवार दिला. एकाही मुलाला काही झालं, तर फुटबॉल कायमचा बंद.

वामनरावांनी तयारीत कसूर ठेवली नाही. मैदानातले खडे वेचले, काचा उचलल्या, गोलाच्या बांबूंना जुन्या गाद्या गुंडाळल्या, पोरांची नखं कापली, गळ्यातले ताईत काढून ठेवले. मग शिरगणती. हजेरीपट बघण्याची त्यांना गरज वाटली नाही. कागद खोटं बोलतो, मुंडकी बोलत नाहीत, असं त्यांचं मत होतं. पोरं रांगेत नीट यावीत म्हणून पुढे सरकणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ते मूठभर चणे ठेवत गेले. बावीस भरली. शाळेच्या भिंतीवर खडूने मोठा आकडा लिहिला: २२.

तासभर खेळ झाला. कुणाला साधं खरचटलंही नाही. वामनरावांनी ऐटीत शिट्टी वाजवली, रांग लावली आणि मोजलं. एकवीस.

पुन्हा मोजलं. एकवीस. तिसऱ्यांदा वीस, कारण तानाजी नाडी बांधायला खाली बसला होता.

त्यांनी चहूकडे नजर फिरवली. मैदानाच्या एका अंगाला विहीर होती आणि दुसऱ्या अंगाला पडक्या भिंतीपलीकडे यार्ड, जिथे इंजिन डबे ढकलत होतं. कोण नाही, असं त्यांनी पोरांना विचारलं. प्रत्येकाने कुणाचं तरी नाव घेतलं आणि ज्याचं घेतलं तो "मी इथे आहे" म्हणाला. उरलेल्यांतलं आणखी कुणी जाऊ नये म्हणून वामनरावांनी सगळी वरात तिसरीच्या वर्गात घातली, बाहेरून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि धाव ठोकली.

विहिरीत डोकावले तर पाण्यात त्यांचाच घाबरलेला चेहरा. यार्डात जाऊन त्यांनी हात हलवत इंजिन थांबवलं. एका वाघिणीच्या चाकाशी काहीतरी लाल दिसलं. ते खाली वाकले. तेलकट फडकं निघालं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ते रुळांच्या बाजूला खडीवर मटकन बसले आणि देवाचं नाव घेऊ लागले.

सायकलवरून जाणाऱ्या दूधवाल्याने विचारलं, "काए बब्बा, का हिरा गओ?"

"मोडा हिरा गओ," वामनराव कसंबसं म्हणाले. पोर हरवलंय.

दूधवाला परोपकारी. त्याने ही बातमी प्रेम नगरात दूध घालता घालता दारोदार पोचवली. इकडे पाच वाजता आयाबाप पोरांना न्यायला आले, तर मैदानात एकही पोर नाही, वामनरावही नाहीत. फक्त भिंतीवर आकडा. दूधवाल्याने एक हरवल्याचं सांगितलं होतं, इथे तर बावीस गायब. बातमी लक्ष्मी गेटपाशी पोचली तेव्हा पोरं मालगाडीत बसून गेली होती, आणि वाघिणीतून हात हलवताना त्यांना पाहणारे तीन साक्षीदारही तयार होते.

शंभरेक माणसं यार्डात धावत येताना पाहून वामनरावांना भरून आलं. एका पोरासाठी एवढी माणसं.

"कुणाचं हरवलंय?" त्यांनी विचारलं.

"हमारा," सगळे एकदम म्हणाले.

ते चाट पडले. बाकीची एकवीस कुठे आहेत, असं तानाजीच्या आईने त्यांचा सदरा धरून विचारलं, तेव्हा त्यांना खिशातली किल्ली आठवली.

"ती एकदम सुरक्षित आहेत," ते म्हणाले. तेवढ्यात शाळेकडून काच फुटल्याचा आवाज आला. मग आणखी एक.

कुलूप उघडलं. आत फुटबॉल चालू होता. बाकं आडवी पडली होती, घड्याळ बंद पडलं होतं, भारताच्या नकाशाला मध्य प्रदेशात भोक पडलं होतं. चौघांच्या कपाळाला टेंगळं होती. तानाजीचा दुसराही दात गेला होता, पण संघ जिंकत असल्याने त्याने तो खिशात घातला होता.

अहिल्याबाईंनी हजेरीपट उघडला. पटावर नावं एकवीस. हजर एकवीस.

"बाविसावं कोण?" त्यांनी विचारलं.

पहिलीतल्या कांचनने हात वर केला. "बाई, मी दोनदा लाइनमधे लागली होती. चने अच्छे थे."

आजोबा रडकुंडीला आले होते, तेव्हा का नाही बोललीस, असं बाईंनी विचारलं.

"ते विचारत होते कोण नाहीये," कांचन म्हणाली. "मी तर होते ना."

सोमवारी शिपाई बाईंची चिठ्ठी घेऊन भागवतांकडे आला. "मैदानावर एकाही मुलाला इजा झालेली नाही. सबब फुटबॉल चालू राहील. श्री. भागवत यांनी खेळाच्या वेळी घरीच थांबावे."

वामनरावांनी पत्नीला, कुसुमावतींना, पहिली दोन वाक्यं ठणठणीत आवाजात वाचून दाखवली आणि चिठ्ठी घडी घालून ठेवली. शनिवारी चार वाजले तरी ते झोपाळ्यावरच. शाळेत नाही का जायचं, असं कुसुमावतींनी विचारलं.

"एकाच दिवसात असं शिकवलंय पोरांना," वामनराव वर्तमानपत्रामागून म्हणाले, "की आता माझी गरजच उरली नाही."