व्हॉल्व्हची खंडेनवमी

खंडेनवमीच्या सकाळी हरिहर कोलते स्नान उरकून देवघरासमोर येऊन उभे राहिले आणि पाटावरील दृश्य पाहताच त्यांच्या मुखातील मंत्र मुखातच विरला. विळी, अडकित्ता, कात्री, स्कूटरचे पाने अशी गृहातील समस्त आयुधे हळदकुंकू लेवून बसली होती. आणि त्यांच्या अग्रभागी अ‍ॅम्प्लिफायरचे सहा मोठे काचेचे व्हॉल्व्ह, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळांप्रमाणे लखलखत उभे होते.

"हे कोणी काढले?"

"मी," प्रतिमाबाई अभिमानाने म्हणाल्या. "विळी पुजायची आणि तुमचं लाडकं यंत्र तसंच धूळ खात ठेवायचं, असं कसं? ड्रॉवरमधले पण घेतले. लिंबू नि रांगोळीनं घासलेत. बघा तरी!"

"आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या?"

"त्या मळकट होय? गेल्या की. काचेवरची अक्षरंसुद्धा निघाली. मी म्हटलं, डागच आहेत."

हरिहररावांनी एकेक व्हॉल्व्ह उचलून उजेडाकडे धरून पाहिला. ते लखनौला, मानक नगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत नकाशे काढीत. परंतु त्यांचा जीव होता बैठकीच्या कोपऱ्यातील त्या स्वहस्ते बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. त्यातील दोन मोठे व्हॉल्व्ह म्हणजे एका जुवाखालील दोन बैलच. दोघांचे बळ समान असेल तर गाणे निर्मळ निघते. एक सबळ व दुसरा दुर्बळ असेल तर यंत्र अखंड हूं-हूं करीत राहते. कित्येक रविवार खर्ची घालून त्यांनी समान बळाची एक जोडी हुडकली होती. उरलेले चार नापास झालेले. केवळ टाकवत नाहीत म्हणून ठेवलेले. आता उत्तीर्ण व अनुत्तीर्ण सहाही जण एकाच मातेचे पुत्र दिसत होते.

आणि परवाच प्रतिमाबाईंनी निर्वाणीचे सांगितले होते, "दसऱ्याला भास्करदादा नागपूरहून येतोय. तो गाणं शिकवणारा माणूस. त्याच्यासमोर तुमचं हे हूं-हूं चाललं, तर त्या कोपऱ्यात फ्रिज येईल, आणि हे डबडं चौकातल्या कबाड्याकडे जाईल."

"पण व्हॉल्व्ह तर तूच मिसळलेस ना!" हरिहरराव कळवळून म्हणाले.

"मी पूजा केली. पूजेनं कधी कुणाचं बिघडलंय का?"

कॉलेजात जाणारी कन्या नेत्रा दारातून म्हणाली, "पापा, टेन्शन क्यूँ ले रहे हो? कुंडली मिलवा लो ना दोनों की."

नवमीमुळे बाजार बंद होता. अखेर वरच्या मजल्यावरील, वायुसेनेतून निवृत्त झालेले जयसिंगराव घोरपडे यांस पाचारण करण्यात आले. ते मिशीवर हात फिरवीत म्हणाले, "त्यात काय, कोलते! दोन-दोन लावून बघू. आम्ही नुसत्या आवाजावर विमान ओळखायचो."

पहिली जोडी बसविली. गायकाला भर मैफलीत पडसे व्हावे तसा आवाज निघाला. दुसरी बसविली. एका व्हॉल्व्हचे पोट लालभडक झाले आणि दुसरा थंडगार.

"बंद करा! बंद करा! एक नांगर ओढतोय आणि दुसरा बांधावर झोपलाय!" हरिहरराव ओरडले.

तिसऱ्या जोडीच्या काचेवरील हळदकुंकू तापले आणि धुराची एक सुगंधी रेषा खिडकीवाटे वसाहतीत गेली. अल्पावधीतच शेजारच्या श्रीवास्तवबाई दोन मैत्रिणींसह वाट्या घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"भाभीजी, हवन हो गया? प्रसाद लेने आए हैं."

धार्मिक कार्याला नाही म्हणणे प्रतिमाबाईंच्या स्वभावात नव्हते. "बस, हो ही रहा है, बैठिए ना," असे म्हणून त्या नवऱ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकीत शिरा भाजण्यास गेल्या. बायका बैठकीत बसल्या व यंत्राला त्यांनी भक्तिभावाने नमस्कार केला. जयसिंगरावांनी तितक्याच गांभीर्याने, आधीच्यांतलेच दोन आलटूनपालटून, चौथी जोडी बसविली.

हूं... हूं... हूं...

नेमके याच क्षणी दारात टॅक्सी थांबली. "रिझर्व्हेशन एक दिवस आधीचं मिळालं, म्हणून आजच आलो!" असे म्हणत भास्करराव बॅगेसह आत आले, आणि उंबरठ्यावरच थबकले.

हरिहररावांच्या डोळ्यांपुढे फ्रिज उभा राहिला. ते घाईघाईने म्हणाले, "भास्करराव, एकच मिनिट! आवाज आत्ता बंद करतो. उरलेली जोडीच खरी आहे, सापडली मला!"

"श्श!" भास्कररावांनी हात वर केला. मान तिरपी करून, नेत्र मिटून ते ऐकत राहिले. "पांढरी पाचची पट्टी. किंचित चढी, पण किती स्थिर! पमे, अगं, हा तर तुझा सूर. तानपुरा कधी घेतलास?"

प्रतिमाबाई हातात उलथणे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. लखनौस बदली झाली तेव्हा रेल्वेच्या सामानाच्या डब्यात त्यांच्या तानपुऱ्याचा भोपळा फुटला होता, आणि त्यानंतर गाण्याचा विषय त्यांनी स्वतःच बंद केला होता.

"तानपुरा कुठला, दादा! यांचं खटारं आहे ते."

"असू दे खटारं. सा लाव."

"आता? हा शिरा..."

"शिरा करपू दे. सा लाव."

प्रतिमाबाईंनी डोळे मिटले. प्रथम स्वर कापला. मग त्या हूं-हूंचा आधार घेऊन तो असा स्थिरावला, की श्रीवास्तवबाईंच्या हातातील वाटी मांडीवर आली आणि जयसिंगरावांची मिशी निश्चल झाली.

"मम्मी गाती हैं?" नेत्रा पुटपुटली. "हमें किसी ने बताया ही नहीं!"

हरिहररावांना मात्र कर्तव्य सुचले. ते हलक्या पावलांनी यंत्राकडे सरकले आणि बटणाकडे हात नेला.

"हात तर लावून बघा!" प्रतिमाबाई आलापाच्या मध्येच कडाडल्या, आणि पुन्हा त्याच सुरावर येऊन बसल्या.

शिरा करपलाच. बायकांनी तो प्रसाद म्हणून निमूटपणे खाल्ला. त्या वर्षी फ्रिज आला खरा, परंतु तो ठेवण्यात आला स्वयंपाकघराच्या बोळात. कोपरा रियाजासाठी राखून ठेवण्यात आला, आणि खरी जुळलेली जोडी कापसात गुंडाळून ड्रॉवरमध्ये गेली. तिला हात लावण्याची सक्त मनाई झाली.

फाल्गुनात त्या हूं-हूं करणाऱ्या चौथ्या जोडीने प्राण सोडला. हरिहरराव तातडीने लाटूश रोडवर, जुने रेडिओ विकणाऱ्या वृद्ध खानसाहेबांच्या दुकानी गेले.

"आप बेफिक्र रहिए, जनाब," खानसाहेब म्हणाले, "ऐसी मिली हुई जोड़ी दूँगा कि जुड़वाँ भाई शरमा जाएँ."

"नहीं नहीं, मिली हुई तो घर में रखी है," हरिहरराव अजिजीने म्हणाले. "एक तगड़ा दीजिए, और एक जरा बीमार."

खानसाहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिले. "खैरियत तो है?"

"जी, घर में रियाज रुका हुआ है."

खानसाहेबांनी दोन व्हॉल्व्ह बसवून दुकानातले यंत्र सुरू केले. क्षीण हूं-हूं उमटले. हरिहररावांनी भास्कररावांप्रमाणे मान तिरपी केली, नेत्र मिटले, आणि थोड्या वेळाने अत्यंत विनयाने म्हणाले,

"अच्छा है, पर इससे जरा और खराब दिखाइए."