संदर्भवाला ठोंबरे

समोरचे गुरुजी वारले, हे मी जिन्यातून ओरडून सांगितलं, तेव्हा माझा भाडेकरू ठोंबरे वरून म्हणाला, “कोणी सांगितलं काकू? संदर्भ काय?” समोर मढं पडलेलं आणि याला संदर्भ पाहिजे. मी म्हटलं, खाली ये आणि त्यांनाच विचार.

हा ठोंबरे रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यात माझ्या घरी वरच्या दोन खोल्यांत राहतो. वर्ध्याकडचा. पन्नाशी उलटली, लग्न नाही. इंजिनिअरिंग कॉलेजात मास्तर आहे. मी चौथी शिकलेली, रेल्वेतल्या नवऱ्यामागं इकडे आले आणि इथलीच झाले. त्याचं काम मला कळायचं कारण नाही. पण इतकी वर्षं डोक्यावर तेच चाललंय म्हणून कळतं, आणि कळतं म्हणूनच जास्त चीड येते.

ही माणसं शोध लावतात, निदान लावल्यासारखं करतात, आणि त्यावर पेपर लिहून मासिकाला पाठवतात. पेपरच्या शेवटी यादी असते, कोणाकोणाच्या कामाचा आधार घेतला त्याची. तेच संदर्भ. एका मासिकाला आडनाव आधी पाहिजे, दुसऱ्याला नंतर. एकाला साल कंसात, दुसऱ्याला शेवटी. एकानं पेपर परत केला की दुसऱ्याकडे पाठवायचा, म्हणजे सगळी यादी नव्यानं मांडायची. जेवायला बसलेली पंगत उठवायची आणि तोंडं फिरवून पुन्हा बसवायची. भात तोच, वरण तेच.

ही फिरवाफिरव ठोंबरेला मनापासून आवडते. कानावर लाल पेन्सिल असते. शेजारच्या दुबेंनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर यानं खालच्या निमंत्रकांच्या नावांवर लाल खुणा करून ती परत पाठवली: काहींचं आडनाव आहे, काहींचं नाही, एकच पद्धत ठेवा. दुबे आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत. मी काय केलं होतं?

एकदा माझ्या हातची भाजी खाऊन विचारतो, यात गूळ घालायचं कुठून घेतलं? म्हटलं, सासूनं सांगितलं होतं. तर म्हणतो, “याले वैयक्तिक संभाषण म्हणतात काकू. मजकुरात चालते, पण यादीत येत नाही.” माझी सासू यादीत येत नाही! तिच्या तोंडावर म्हणाला असता, तर पेन्सिल कुठं गेली असती ते सांगत नाही.

पण माझा खरा राग वेगळाच. दर रविवारी शहरातले तरुण मास्तर आपापली बाडं घेऊन वर चढतात. जिन्यात चपलांचा ढीग, माझ्या माठातलं पाणी संपतं. हा एकेकाची यादी तपासतो, प्रत्येक पेपर शोधून उघडून बघतो, स्वल्पविराम काढतो, टिंब घालतो. संध्याकाळी ते “थँक्यू सर” म्हणून स्कूटर सुरू करतात. पेपर छापून येतो तेव्हा त्यात प्रिन्सिपलचे आभार असतात. याचं नाव कुठंच नाही. याचा स्वतःचा पेपर? एकही नाही. मी खूपदा बोलले, मूर्खा, तुझं कधी लिहिशील? तो म्हणायचा, “लिहीन ना काकू. हे एवढं निपटवून घेतो.”

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी त्याची जुनी विद्यार्थिनी आली, श्रद्धा साहू. आता तीही मास्तरीण झालीय, पण नोकरी कच्ची. पेपर दुसऱ्या दिवशी गेला नाही तर नोकरीही जाणार, म्हणून रडकुंडीला आली होती. मी पापड वाळत घालायला गच्चीवर चालले होते, दार उघडं होतं. बघते तर ठोंबरे यादीवर पेन्सिल टेकवून बसलेला. यादीत त्याचंच नाव होतं. म. ठोंबरे, पुढं पेपरचं नाव, मासिक, साल, पानं, सगळं शिस्तीत.

मला वाटलं, चला, शेवटी कोणीतरी याचं नाव घेतलं. पण यानं पोरीला बसवून ठेवलं आणि कॉम्प्युटरवर शोधत बसला. दुपार गेली. मासिक खरं निघालं, सालही खरं. त्या पानांवर मात्र भलत्याच माणसाचा भलताच पेपर होता.

मग पोरीनं कबूल केलं. यादी तिनं केलीच नव्हती, एआयकडून करवून घेतली होती. शहराबाहेर सिलतऱ्याला लोखंडाच्या भट्ट्या आहेत, त्यांतून निघणाऱ्या स्लॅगवर, म्हणजे काळ्या कचऱ्यावर, कोणी काय काम केलंय असं विचारताना तिनं लिहिलं होतं, की माझे ठोंबरे सर यावर काम करणार होते. यंत्रानं करून टाकलं.

“सर, रहने दीजिए ना,” ती म्हणाली. “नाम तो आपका ही है. एक हटाया तो आगे के सारे नंबर बदलेंगे, कल कैसे भेजूँगी?”

मीही दारातून म्हटलं, राहू दे. कोण बघायला येतंय? जन्मभर दुसऱ्यांची नावं नीट लावलीस, एकदा तुझं लागलं तर बिघडलं काय?

त्यानं पेन्सिल उचलली. त्या ओळीवरून सावकाश, पट्टी ठेवून रेघ मारली. पोरीला म्हणाला, “कोणी पकडलं तर तुझा पेपर जाईल, नोकरी भी जाईल. नंबर मी बदलतो. तू बाकीचे सगळे संदर्भ उघडून पहाय.”

दिवेलागणीला पोरगी गेली, पेपर पूर्ण करून. या वेळी तिला थँक्यू म्हणायचंही सुचलं नाही. मला असा संताप आला होता की मी वर गेले ते भांडायलाच. तो यादीचा जुना कागद हातात घेऊन बसला होता. विचारलं, त्या खोट्या पेपरात होतं तरी काय? म्हणाला, भट्टीतला तो काळा कचरा मिसळून घराच्या विटा करता येतील का, ते.

“मग येतात का?”

“माहीत नाही काकू. करूनच नाही पाहिलं.” कागद त्यानं पालथा ठेवला. “एवढी दुपार काहून घालवली सांगू? मले वाटलं, आपणच लिहिला असन कधीतरी, अन् विसरून गेलो असन.”

मी खाली आले, ताट वाढलं आणि वर नेऊन त्याच्यापुढं आदळलं.

पुढच्या रविवारी तो सकाळीच बाहेर पडला. मास्तर लोक बाडं घेऊन आले आणि कुलूप बघून परत गेले. दुपारी ठोंबरे ऑटोतून उतरला, सोबत स्लॅगनं भरलेलं पोतं. ते त्यानं माझ्या धुतलेल्या जिन्यावरून ओढत नेलं. पायरीपायरीला काळा ओघळ. मी तोंड सोडलं ते दुबेंच्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल. पोतं गच्चीवर आहे. पापड मी आता अंगणात वाळवते.