मेश्रामकाकांचं स्वित्झर्लंड

मेश्रामकाकांना वेळ विचारू नये. भर दुपारी बारा वाजता, नागपूरचं ऊन डोक्यावर असताना, ते मनगटाकडे बघून शांतपणे सांगतात, "साडेआठ." नवखा माणूस आधी सूर्याकडे बघतो, मग काकांकडे. आम्ही कॉलनीतले लोक मुकाट्याने साडेतीन तास मिळवतो. हिवाळ्यात साडेचार, कारण काकांचं घड्याळ स्वित्झर्लंडच्या वेळेवर चालतं आणि तिथे वर्षातून दोनदा काटे मागेपुढे करतात. ते काम काका आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून करतात. त्या दिवशी त्यांच्याकडे चहाला जाण्यात अर्थ नसतो, एक तास सारखा इकडचा तिकडे होत असतो.

जरीपटक्याला त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे. काका रेल्वेत गार्ड होते. हल्ली त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. काकांसमोर म्हणून बघा. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने बसून चौतीस वर्षं त्यांनी नागपूर-इटारसी केलं. गाडी एक मिनिट जरी उगाच थांबली तरी त्याचं कारण लिहायचं, ही सवय हाडात मुरलेली. घरातला पंखा बंद पडला तरी ते आधी वेळ बघतात.

अशा माणसासमोर कोणी स्वित्झर्लंडचं नाव काढून बर्फ, चॉकलेट आणि सिनेमातल्या साड्या सुरू केल्या, की संपलं.

"बर्फ त फ्रिजातही हाय गा," काका म्हणतात. "तिथं लोक राहतात, लोक! उन्हाळाभर गाई डोंगरावर चरतात, अन् थंडी सुरू व्हायच्या आत डोक्यावर फुलं, गळ्यात ही एवढी घंटी बांधून वाजतगाजत खाली आणतात. आपला पोळाच तो, गाईंचा. अन् खातात काय? बटाट्याचा कीस! आपण उपासाले करतो, ते रोज खातात. दाण्याचा कूट तेवढा नाही टाकत बिचारे."

हे ज्ञान कुठून येतं, ते मला टीव्हीवर दिसलं. तिथले इंजिन ड्रायव्हर समोरच्या काचेतून दिसणारा सगळा प्रवास चित्रित करतात, आणि काका तो दुपारभर बघतात. त्यात माणूस नाही, गोष्ट नाही, नुसते रूळ. एकदा मी सापडलो. गाडी बोगद्यात शिरली. वीस मिनिटं पडदा काळा, आणि आम्ही दोघं त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलेलो. मी उठायला लागलो तर म्हणाले, "चालत्या गाडीतून उतरू नये."

हसत होतो आम्ही सगळे. मीही हसत होतो. मग एक दिवस लक्षात आलं, की त्यांच्या घड्याळात सात वाजून सहा मिनिटं झाली की काका बोलता बोलता थांबतात. विचारलं तर म्हणाले, "पल्लवीची गाडी सुटली."

पल्लवी त्यांची एकुलती एक मुलगी. तिकडेच नोकरीला लागली, तिकडेच लग्न केलं. सकाळी कोणत्या गाडीने जाते, हे तिनेच कधीतरी फोनवर सांगितलेलं. पण काकू गेल्यानंतर तो फोन बंद झाला. दोघांत काय बिनसलं, कॉलनीत कोणाला माहीत नव्हतं. बाप इथे बसून रोज तिची गाडी सोडत होता, एवढंच मला कळलं, आणि त्यानंतर त्यांच्या घड्याळाची थट्टा करणं माझ्याच्याने झालं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी आणि बायको टूरने युरोपला निघालो, तेव्हा काका म्हणाले, "मी पण येतो." चाळीस माणसं, सोबत वरणभात करणारा महाराज, गळ्यात एकाच रंगाचे बिल्ले. स्वित्झर्लंडमधल्या रविवारी सगळी मंडळी बर्फाचं शिखर बघायला गेली, माझी बायकोसुद्धा. काकांनी माझा दंड धरला. "संजू, तू माह्यासोबत चाल. साधी गाडी दाखवतो तुले."

दोन डब्यांची लाल गाडी होती. चढावर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी होती, तिच्यात चाक अडकवून गाडी डोंगर चढत होती. काकांनी गार्डाला सलाम केला. त्याने हसून त्यांचं तिकीट पाहिलं. काका खिडकीशी बसले, मांडीवर कापडी पिशवी. त्यात मुगवड्या होत्या, स्वतः गच्चीवर वाळवलेल्या, एकही दुसरीसारखी नाही.

"इथं बारके स्टेशन असले की गाडी आपोआप थांबत नाही," ते म्हणाले. "उतरायचं असन त हे बटन दाबायचं. उमरेडच्या एसटीले आपण हात दाखवतो, तसं."

मग एका वळणावर म्हणाले, "पुढचं स्टेशन पल्लवीचं. पिवळं घर, तिनंच सांगितलं होतं फोनवर. आज सुट्टी हाय, घरीच असन."

मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. हात पिशवीवरून हलला नाही. फलाट आला, पिवळं घर आलं, दोरीवरचे लहान लहान कपडे आले आणि मागे गेले. आम्ही शेवटपर्यंत गेलो, तिथे बसून बटाट्याचा कीस खाल्ला. काकांनी त्याला नावं ठेवली नाहीत, तेव्हाच मला त्यांची अवस्था कळली.

परतताना ते वळण आलं आणि बटण मी दाबलं.

"काहून दाबलं बे?" काका दचकून उभे राहिले.

"उतरा."

"मी नाही उतरत."

"मग गाडी उगाच थांबेल, काका."

ते वाक्य दुष्टपणाचं होतं, मला माहीत आहे. माणसासाठी ते उतरले नसते. पण कारण नसताना गाडी थांबली, हे त्यांना सोसलं नसतं. दार उघडलं. काका पिशवी घेऊन उतरले. मी मागोमाग.

मी फलाटावरच्या बाकावर बसलो. ते एकटे गेले. पिवळ्या घराच्या दाराशी पाठमोरे उभे असलेले मला दिसत होते. खूप वेळ उभे होते. मग वाकले, आणि परत आले. हातात पिशवी नव्हती.

"नव्हती का घरी?"

"हाय ना. आवाज आला." काका बाकावर बसले. "पोरगं हाय तिले. मले माहीतच नव्हतं. त्याच्यासंग तिकडच्या भाषेत बोलून राहिली होती. मंग त्यानं काही सांडवलं असन, त एकदम ओरडली, 'हे काय करून राहिला बे तू!'" ते हसले आणि लगेच त्यांना रडू आलं. "आवाज अगदी तुह्या काकूचा गा."

"मग बेल का नाही वाजवली?"

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"हिची आई गेली तवा ही तिसऱ्या दिवशी पोचली. विमानच नाही भेटलं तिले. दारात उभी होती, खांद्यावर बॅग. अन् मी म्हटलं, 'आता कशाले आली?' एवढंच म्हटलं, संजू. ती तशीच फिरली." मग म्हणाले, "तिनं मले तेच विचारलं असतं, त काय सांगितलं असतं मी?"

पुढच्या गाडीला पाऊण तास होता. तेवढा वेळ मी त्या दाराकडे बघत होतो. ते उघडावं म्हणून मी मनात अक्षरशः हात जोडले. ते उघडलं नाही. गाडी आली, आम्ही चढलो.

घर दिसेनासं झाल्यावर काकांनी विचारलं, "पायरीवर ठेवल्या मुगवड्या. ओळखन ना ती?"

"ओळखेल," मी म्हणालो.

ओळखणारच होती. दार उघडताच तिला कळणार होतं, की बाप नागपूरहून इथवर आला, दारापर्यंत आला, आणि बेल न वाजवता निघून गेला. काकांच्या हे ध्यानात आलं नव्हतं. मला सांगवलं नाही.