रुबाबरावांची मोटार आणि धाकूबाईंचा पत्रा

एका जंगलात रस्ता नव्हता, पण मोटार होती. हसू नका बाळांनो, मोठ्यांच्या जगात असं चालतं.

मोटार अमेरिकेची. दोन दारं, आठ सिलिंडर आणि नाक हे एवढं लांब. साठ वर्षांपूर्वी कुठल्याशा संस्थानाच्या युवराजांनी ती शिकारीला आणली. तिची गुरगुर ऐकून वाघाने दोन दिवस तोंड उघडलं नाही. मग ती चिखलात रुतली. युवराज चालत घरी गेले आणि गाडी जंगलाची झाली.

पुढे तिच्यात मुंगसांचं एक कुटुंब राहायला आलं. रुबाबराव, त्यांची बायको धाकूबाई आणि तीन पिल्लं. पिल्लं मागच्या सीटच्या कापसात झोपत. वर गंजका टप होता, त्यामुळे घारीला ती दिसत नसत. धाकूबाईंना आयुष्यात एवढंच हवं होतं. घार आणि पिल्लं यांच्यामध्ये एक पत्रा.

तशा धाकूबाई शिकलेल्या. कोकिळाबाईंच्या 'सजग मातृत्व' शिबिराला जाऊन आलेल्या. (कोकिळाबाईंची स्वतःची पिल्लं कुठे असतात, हे शिबिरात विचारायचं नसतं.) तेव्हापासून त्या दिवसातून बारा वेळा पिल्लं मोजत. तीन भरली की त्यांना वाटे, आपलंच मोजण्यात काहीतरी चुकलं असेल.

एके दिवशी रुबाबराव बॉनेटवर ऊन खात पडले होते. तेवढ्यात वानर मिस्त्री आला. हा चार वर्षं महामार्गावरच्या एका गॅरेजच्या छपरावर बसला होता. शिक्षण पुरं झालं असं वाटल्यावर परत आला होता.

"रुबाबराव, कशावर लोळताय कळतंय का? क्लासिक आहे ही! नीट केली तर जंगलाच्या प्रदर्शनात पहिला नंबर!"

रुबाबरावांच्या शेपटीचा केस न् केस उभा राहिला.

"अहो, पण पळवणार कुठे?" धाकूबाई म्हणाल्या. "रस्ता कुठाय?"

"अगं, क्लासिक गाडी पळवायची नसते. दाखवायची असते."

"आणि आपण राहायचं कुठे?"

"आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, वहिनी," मिस्त्री म्हणाला.

बाळांनो, जगातला कुठलाही मिस्त्री आठच दिवस म्हणतो. नऊ कधी म्हणत नाही.

पहिल्याच दिवशी मिस्त्रीने टप काढला. दुपारी घार आली. एक फेरी मारली, मग जरा खालून दुसरी. धाकूबाई तिन्ही पिल्लांवर पालथ्या पडून राहिल्या. बारकी पोटाखालून म्हणाली, "आई, मला शू आलीये." धाकूबाई म्हणाल्या, "कर." असं काही शिबिरात शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "तो टप फेकणारच असाल ना भाऊ, तर जरा करवंदीच्या जाळीपाशी फेका."

"गंजलाय हो, वहिनी."

"असू दे. घारीला गंज कळत नाही."

मग तसंच चालू झालं. मिस्त्री गॅरेजातून नवीन भाग उचलून आणी आणि जुना करवंदीपाशी फेकी. दारं गेली. कापूस निघालेली सीट गेली. रुबाबराव म्हणाले, इंजिन जरा खोकतंय. इंजिन गेलं. मग मिस्त्री म्हणाला, सगळं नवीन आणि खालचा सांगाडा, म्हणजे चासी, तेवढी जुनी, हे बरं दिसत नाही. चासीही गेली. धाकूबाई ढकलत, ओढत एकेक भाग लावून घेत. इंजिनापाशी वारा लागत नाही, म्हणून बारकी तिथे. दार कलतं ठेवलं की आडोसा.

त्यांना अधूनमधून वाटे, आपण नवऱ्याच्या छंदात लक्षच घालत नाही. चांगल्या बायका घालत असतील.

इकडे रुबाबरावांना आता नीट केलेली गाडी पुरेना. ती 'आपल्या स्टाइलची' हवी होती. मागे गव्याच्या पोटाएवढे टायर आले. बॉनेटवर हवा घ्यायला एक मोठी नाकपुडी आली. दोन्ही बाजूंना रंगवलेल्या ज्वाळा आल्या. सीट आली ती अस्सल चामड्याची. कोणाचं चामडं, ते कोणी विचारलं नाही. त्या आठवड्यात सांबराने प्रदर्शनाच्या समितीचा राजीनामा दिला.

"आत बसू का हो जरा, पिल्लांना घेऊन?" धाकूबाईंनी विचारलं.

"नखं आहेत त्यांना!" रुबाबराव ओरडले.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. परीक्षक म्हणून गिधाड आलं. जुन्या वस्तूंचं त्याच्याइतकं प्रेम कोणाला असणार? त्याने ज्वाळा पाहिल्या, नाकपुडी पाहिली. मग मान लांब करून गाडीच्या पोटात घातली.

"इंजिनाचा नंबर एक आणि चासीचा भलताच," ते म्हणालं. "ही क्लासिक नाही. ही जत्रेतली गाडी आहे."

रुबाबरावांची शेपटी खाली गेली. गिधाड निघालंच होतं, पण त्याच्या नाकाला गंजाचा वास आला. ते करवंदीपाशी गेलं. टप, दारं, सीट, आणि इंजिनाला टेकून पेंगणारी बारकी. गिधाडाने बारकीला चोचीने बाजूला केलं. नंबर वाचला, मग चासीवरचा वाचला. त्याचे डोळे भरून आले.

"जुळतायत! एक भागही बदललेला नाही! हे जपलं कोणी?"

धाकूबाई पुढे व्हायला निघाल्या. पण जपलं म्हणजे नेमकं काय केलं, हे त्यांना सांगता येईना.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," रुबाबराव म्हणाले, "हिला हात लावायचा नाही."

त्यांना पहिला नंबर मिळाला.

करवंदीभोवती कुंपण पडलं. पाटी लागली: 'हात लावू नये. पंजाही.' गिधाड धाकूबाईंना सौम्यपणे म्हणालं, "बाई, पिल्लांना बाहेर काढा. गंजावर ओरखडे पडतायत."

वर घार आली होती. धाकूबाईंनी पिल्लं मोजली. तीन. एकेकाला मानेला धरून उचललं आणि सरळ ज्वाळावाल्या गाडीत नेऊन टाकलं. टप बंद होता. बारकीने लगेच चामड्याची सीट ओली केली. जत्रेतल्या गाडीचं कोणाला काय?

रुबाबराव मात्र दोन दिवसांनी पुन्हा त्या गाडीकडे बघायला लागले. डोकं एका बाजूला कलतं करून.

ते बघून धाकूबाई बाहेर आल्या आणि ज्वाळांवरून त्यांनी एक लांबलचक ओरखडा ओढला. दुसरा ओढताना थांबल्या. फार ओरखडे पडले तर उद्या हीही जुनी दिसायची. नको. किंमत जाईल, पण वय दिसणार नाही, एवढंच पुरे.

महिन्याला एक, असं त्यांनी ठरवलं. आपलं चुकत तर नाही ना, असं त्यांना अजूनही वाटतं. पण नखं तेवढी त्या धारदार ठेवतात.

तात्पर्य: बाळांनो, आपलं घर नेहमी थोडं बिघडवून ठेवावं. ते छान दिसलं तर मिस्त्री येतो आणि फारच जुनं दिसलं तर जाणकार येतो. मिस्त्री निदान पत्रा करवंदीपाशी तरी फेकतो.