नाना समुद्रावर जीप धुतो

नानाला कुठेही जेवायला बोलवा, तो आधी पाण्याचा तांब्या हातात घेतो. एक घोट तोंडात धरतो, या गालातून त्या गालात फिरवतो, डोळे मिटतो आणि मग यजमानाला विचारतो, "हे कुठनं आलं?" यजमान नवा असला तर गोंधळतो. नळाचं आहे म्हणतो. नळ हे नानाच्या लेखी उत्तरच नव्हे. नळात कुठून आलं, टाकीत कुठून आलं, असं करत करत तो त्या बिचाऱ्याला मागे मागे नेतो आणि शेवटी म्हणतो, "बोरचं हाय. मला वाटलंच." पुष्कळदा ते बोअरचं नसतं. पण अंदाज चुकला म्हणून नाना नाराज झालेला मी पाहिलेला नाही. पाण्याचा पत्ता लागला की त्याचं पोट निम्मं भरतं.

नाना माझा इंदापूरच्या वसतिगृहातला मित्र. मी बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटीचा, तो इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा. दहावीनंतर वडील गेले आणि तो शेतावर गेला; पुढे आईही गेली. मी शिकत राहिलो. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. माझे आजोबा मेंढरं राखायचे. माझा निकाल लागला त्या दिवशी नानाने मला ट्रॅक्टरवर बसवून वरकुट्यात घरोघर फिरवलं होतं. प्रत्येक दारात ट्रॅक्टर थांबवायचा आणि म्हणायचा, "ह्यो आमचा ग्रॅज्युएट." लोकांना मी कोण हे ठाऊक नव्हतं, तरी चहा प्यावा लागला. आज मी बारामतीत भूगोल शिकवतो. माझ्या शिक्षणाचा माझ्या घरच्यांइतकाच अभिमान बाळगणारा माणूस म्हणजे नाना.

तर या नानाचं लग्न राहिलं होतं. वय चाळिशीला टेकलेलं. शेती करणाऱ्याला मुलगी मिळणं किती अवघड झालंय ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको. त्यात नानाचा स्वभाव. फलटणकडचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. पोहे झाले, मुलगी आत गेली आणि नाना उठून परसात गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मंडळी शोधायला गेली, तर हा विहिरीत वाकून झऱ्यांची दिशा बघत होता. मुलीच्या मामांनी मध्यस्थाला विचारलं, तुमच्या मुलाला मुलगी करायची आहे का विहीर? ते स्थळ तिथेच मोडलं. त्यानंतरचीही साधारण अशीच मोडली.

आणि मग कोकणातलं स्थळ आलं. गुहागरच्या बाजूला समुद्रकाठच्या एका गावात आमच्याच भागातले एक गृहस्थ राहत होते. एसटीत ड्रायव्हर म्हणून तिकडे गेले, तिकडचेच झाले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांची मुलगी वैशाली सरकारी दवाखान्यात नर्स. आईच्या दीर्घ आजारपणात तिचं लग्न राहून गेलेलं. आई आता नव्हती. नानाने मला फोन केला. "मास्तर, सोबत चल. ह्ये शेवटचं बघतो. जमलं तर जमलं, न्हायतर हा इषय बंद. तू ग्रॅज्युएट हायस, तू बोल. मी गप बसतो."

निघताना मी एकच अट घातली. त्या घरात पाण्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही. नानाने जीपच्या स्टिअरिंगला हात लावून शपथ घेतली.

नवरात्र नुकतंच संपलं होतं. फलटण, सातारा करत आम्ही पाटणच्या पुढे गेलो आणि डोंगर हिरवे होत होत अंगावर यायला लागले. आमच्याकडे हिरवं म्हणजे ऊस; तो सरळ रेषेत असतो आणि त्याला कुणीतरी पाणी दिलेलं असतं. इथे कड्याकपारीतून, दगडाच्या फटीतून, कुणी न लावता, न पाजता हिरवं उभं होतं. नाना प्रत्येक ओहोळाशी जीप थांबवायचा. उतरायचा, ओंजळभर प्यायचा, वर बघायचा आणि मग जीप पुढे काढायचा. या गतीने आम्ही गुहागरला पुढच्या नवरात्रात पोचलो असतो.

कोयनानगरला मी चूक केली. इथलं पाणी बोगद्यातून डोंगराच्या पलीकडे नेतात, ते खाली कोकणात उतरतं आणि तिकडून समुद्राला मिळतं, असं त्याला सांगितलं. नानाने जीप कडेला घेतली.

"देशावरचं पाणी डोंगराखालनं समुद्रात सोडत्यात?"

मी घाईघाईने सांगितलं की त्यावर वीज होते, त्याच्या शेतातली पाण्याची मोटारही कदाचित त्याच विजेवर चालत असेल. नाना जीपमधून उतरला. मग धरणाच्या दिशेने हात जोडून म्हणाला, "मग ठीक हाय. पर मोटारीची लाईट रात्रीची नगं, दिवसा सोडा म्हणावं."

कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी आम्ही उभे राहिलो. खाली दरी होती आणि दरीत ढग होते. ढगांच्या फटीतून फार खोलवर एक गाव दिसत होतं. माझे आजोबा दर वर्षी मेंढरं घेऊन सह्याद्री उतरायचे, चाऱ्यासाठी, पायी, पाठीवर कोकरू घेऊन. कोकणातून परत आले की ते काही वर्णन वगैरे करत नसत. "लई खोल हाय," एवढंच म्हणत. त्या कठड्याशी उभं राहून मला कळलं की याहून जास्त सांगता येतच नाही.  समोरच्या कड्यावरून एक धबधबा पडत होता आणि निम्म्यातच वाऱ्याने त्याचा धूर होऊन जात होता.

समुद्र दिसला तेव्हा दिवस मावळतीला आला होता. खरं सांगायचं तर तो मीही पहिल्यांदाच पाहत होतो. दर वर्षी मी फळ्यावर भरती-ओहोटीची आकृती काढतो. चंद्र, पृथ्वी, बाण, सगळं. आमच्या सहली मात्र किल्ल्यांवर आणि धरणांवर जातात. पुस्तकातला समुद्र निळा असतो आणि गप्प असतो. हा करडा होता, आणि त्याचा आवाज छातीत ऐकू येत होता. माझे पाय पुढे जाईनात. नानाने देवळात काढाव्या तशा चपला काढल्या, पँट दुमडली आणि आत गेला. ओंजळ भरून तोंडात घेतली, या गालातून त्या गालात फिरवली. मग हळूच थुंकला.

"एवढं पाणी," तो म्हणाला, "आन् उसाला चालत न्हाय."

थोड्या वेळाने त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, हे कुठून आलं. मी म्हणालो, सगळीकडून. आपलं बी आलं असंल का ह्यात, त्याने विचारलं. मी सांगितलं की नाही, आपली भीमा पूर्वेला जाते, ती दुसऱ्या समुद्राला मिळते.

"म्हंजी आनखी एक हाय?"

नाना वाळूत खालीच बसला. अंधार पडेपर्यंत तो तसाच बसून होता.

सकाळी दहाला तात्यांकडे जायचं होतं. मी लॉजवर आंघोळ करून बाहेर आलो तर नाना जीपभोवती फिरत होता. घाटातल्या लाल चिखलाने ती टपापर्यंत माखली होती. असली गाडी मुलीच्या दारात नेली तर काय किंमत राहील, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडे उजनी धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे मागे तुंबलेल्या पाण्याला, ट्रॅक्टर, बैल, जीप, सगळं पाण्यात नेऊन धुतात. नानाने जीप काढली आणि किनाऱ्यावर आणली. ओहोटी होती. समुद्र लांब गेला होता.

आता नानाची शेती कशी चालते ते सांगायला हवं. फुगवट्याचं पाणी हिवाळ्यानंतर मागे सरकू लागतं. पाणी जसं मागे जाईल तशी शेतकरी आपली मोटार पुढे नेतो. उघड्या पडलेल्या गाळात लोक टरबूज लावतात, जनावरांच्या चाऱ्याला कडवळ करतात, निवांत पिकं काढतात. एकदा उतरलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत वर येत नाही. नानाचा आयुष्यभराचा हा अनुभव. त्याने पाण्याच्या मागे मागे जीप नेली आणि अगदी कडेला, ओल्या वाळूत उभी केली.

मी सांगितलं, नाना, भरती येईल. पुस्तकातलं सगळं सांगितलं. त्याने बादलीतलं पाणी टपावर ओतत विचारलं, "किती वाजता येती?"

"रोज वेळ बदलते," मी म्हणालो.

"मोटारीच्या लाईटीसारखं व्हय?" नाना हसला. "तिचं टायमटेबल मी बघतोय जल्मापासनं. येत न्हाय ती."

ती आली. जीप अर्धी स्वच्छ झाली होती आणि चाकं निम्मी वाळूत गेली होती. नानाने गिअर टाकला तशी ती आणखी रुतली. पाणी आधी टायरशी खेळल्यासारखं येऊन गेलं, मग येऊन जाईना. मी ढकलत होतो आणि माझ्याच फळ्यावरची आकृती माझ्या गुडघ्यांपर्यंत चढत होती. शेवटी मी बाहेर पळालो आणि तात्यांना फोन लावला. आम्हाला थोडा उशीर होईल, एवढंच सांगणार होतो. पण त्यांनी मागचा आवाज ओळखला. "मास्तर, तुमी पाण्यात हायसा का?" त्यांनी विचारलं.

तात्या होडी ओढायचा दोर आणि गावातली सात-आठ माणसं घेऊन आले. मागून स्कूटीवर रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा घेऊन एक बाई आल्या, दवाखान्याच्या पांढऱ्या कोटात. नाना तेव्हा कमरेइतक्या पाण्यात जीपचं बॉनेट धरून उभा होता, उधळलेला बैल आवरावा तसा. तात्या म्हणाले, पाव्हणं, सोडा तिला, ती कुठं जात न्हाय. नाना सोडायला तयार नव्हता.

"आधी तुम्ही बाहेर या," त्या बाईंनी सांगितलं. "मुलगी बघायला आलात ना? मग समुद्रात काय करताय?"

"जीप धुत हुतो," नाना म्हणाला.

"खाऱ्या पाण्यानं?"

"तुमच्या दारात मळकी कशी आणायची."

वैशालीताईंनी एकदा अर्ध्या धुतलेल्या जीपकडे पाहिलं. त्यांनी पोती चाकांखाली सरकवायला सांगितलं, लोकांनी दोर ओढला आणि जीप एकदाची वर आली. लोकांना मी काय शिकवतो तेही कळलं होतं. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघून फार सभ्यपणे म्हणाले, "भूगोल का? छान विषय."

अशा रीतीने बघायचा कार्यक्रम सुरू झाला. नानाचा नवा शर्ट दोरीवर वाळत होता. तात्यांची जुनी खाकी पँट त्याला वीतभर आखूड होत होती आणि तो खुर्चीच्या काठावर, पाय आत ओढून बसला होता. पोहे आले. पाण्याचे ग्लास आले. नानाने ग्लास उचलला, तोंडाशी नेला, माझ्याकडे पाहिलं आणि एका दमात पिऊन खाली ठेवला. त्याच्या कपाळावर घाम होता.

मी पाठ करून ठेवलेलं भाषण काढलं. मुलगा निर्व्यसनी आहे, कष्टाळू आहे, घर स्वतःचं आहे, स्वभाव शांत आहे. स्वभाव शांत म्हटल्यावर तात्यांनी दोरीवरच्या शर्टाकडे बघितलं. मी पुढे काही बोलणार तोच वैशालीताई म्हणाल्या, "सर, तुमचं झालं की सांगा. मला यांना विचारायचंय." माझं झालं.

"तुमचं सगळं चाललंय," त्या नानाला म्हणाल्या. "ऊस आहे, घर आहे. मी इथं नोकरी सोडून किंवा बदली मागून यायचं, तेही या वयात. बायको कशाला पाहिजे तुम्हाला? स्वयंपाकाला म्हणाल तर मला तो फारसा येत नाही."

नाना माझ्याकडे बघायला लागला.  असल्या प्रश्नाची तयारी मी केलेली नव्हती. बाहेर समुद्राचा आवाज येत होता, आणि हे स्थळही गेलं असं मी मनात धरूनही टाकलं होतं.

"सांगू का?" नाना मला म्हणाला. त्याने शपथ घेतली होती, म्हणून परवानगी मागत होता. मी मान हलवली.

"मी रानात उसाला पाणी सोडतो," तो तिच्याकडे न बघता, आपल्या उघड्या घोट्यांकडे बघत बोलायला लागला. "मोटार चालू केली की पाणी पाटानं येतं. सुकल्याली सरी असती, तिच्यात शिरतं. माती आवाज करती, पिताना. लई बरं वाटतं त्या टायमाला. मग घरी येतो. कुणाला तरी सांगावं वाटतं, की आज पाणी लागलं उसाला. घरात कुणी न्हाय. मग गोठ्यात जातो, म्हशीला सांगतो. ती ऐकती. कान हलवती." तो थांबला. "पर उलटून काय इचारत न्हाय."

मी नानाला इतकी वर्षं ओळखतो. जगातल्या प्रत्येक माणसाला पाणी कुठून आलं ते विचारणाऱ्या या माणसाला स्वतःला कुणी काही विचारावं असं वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

 वैशालीताईंनी रिकामे ग्लास ट्रेमध्ये ठेवले. मला वाटलं, त्या आत जाणार. त्या उठल्या नाहीत. ट्रे मांडीवर तसाच धरून बसल्या.

"शेवटच्या सरीपर्यंत पोचतं का?" त्यांनी विचारलं.

नानाने मान वर केली.   डोळे भरून आले होते, ते त्याने तात्यांच्या पँटच्या खिशात रुमाल शोधून लपवायचा प्रयत्न केला. खिशात रुमाल नव्हता.

"उशीर लागतो," तो म्हणाला.

"का? उतार कुठल्या बाजूला आहे?"

तात्या हळूच उठले आणि मला खुणावून म्हणाले, चला मास्तर, तुमाला नारळाची बाग दाखवतो. आम्ही चपला घालत होतो तेव्हा नाना टेबलावर पोह्यांच्या ताटल्या सरकवून, चमच्याने रानाचा उतार काढून दाखवत होता.