बेडरूमचा एसी आणि एकशे ऐंशी संधी

बेडरूमचा एसी ऐन जुलैत बंद पडला, तेव्हा शैलेंद्रला पहिली आठवली ती त्याची मुदत ठेव. असतात काही माणसं अशी. बाहेर आखातातले शेहेचाळीस डिग्री, हूरा भागातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि हा गडी बनियनवर पंख्याखाली बसून हिशेब करत होता की ठेव आत्ता मोडली तर वर्षभराच्या व्याजावर पाणी सोडावं लागेल. मुदत संपायला जेमतेम सव्वा महिना उरला होता.

"तुझ्यातले काढ ना," तो बायकोला म्हणाला.

"एकतीस तारखेला सोडत आहे," सुनंदा म्हणाली. "त्याआधी एक फिल्ससुद्धा काढायची नाही मी."

हा वाद बारा वर्षं जुना होता. शैलेंद्र सीफमधल्या एका कंपनीत अकाउंटंट. त्याचा पैसा चार टक्के व्याजाने, शिस्तीत वाढायचा. सुनंदा शाळेत गणित शिकवायची, आणि बाईसाहेबांचे नऊ हजार दिनार बक्षीस-खात्यात. तिथे व्याज शून्य. दर पन्नास दिनारांमागे सोडतीत एक संधी, म्हणजे एकशे ऐंशी संधी. सोडतीच्या पैशाला पैसा म्हणू नये, असं शैलेंद्र येताजाता ऐकवायचा. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: "संभाव्यता शून्य नाही, एवढं मला पुरे." हॉलचा एसी गेल्या वर्षी बंद पडला, तो याच वादापायी अजून तसाच लटकत होता. आता प्रश्न गारव्याचा राहिलाच नव्हता. जो पैसे काढेल तो वाद हरला.

एसीवाला बासित मूळचा चिपळूणचा, कामाला चोख. त्याने खोक्यात डोकं घालून पाहिलं, कॉम्प्रेसर गेल्याचं सांगितलं, ऐंशी दिनार म्हणाला आणि एकच चूक केली. चहाला थांबला. दोघांनाही फुकटचा न्यायाधीश मिळाला. शैलेंद्रने त्याला तासभर चक्रवाढ व्याज समजावलं, पैसा खिशात झोपू देऊ नये म्हणून बजावलं. मग सुनंदाने संभाव्यतेचा अख्खा धडा घेतला. बिचारा दोघांनाही "बरोबर आहे" म्हणत घाम पुसत राहिला.

पुढचे दहा दिवस नवराबायको घरात फक्त अंघोळीपुरते येत. संध्याकाळी मॉलमध्ये एका कॉफीवर चार तास. कॉफीवाल्याने तोंड वाकडं केल्यावर मुक्काम गाडीत हलला. शैलेंद्रने कागदावर दाखवून दिलं की इंजिन चालू ठेवून एसीत बसणं ठेव मोडण्यापेक्षा स्वस्त पडतं. मग बिल्डिंगखाली गाडीतच जेवण, गाडीतच झोप, पुढच्या सीटवर सुनंदाच्या वह्या तपासणं. गाडीतल्या चौथ्या दिवशी पहिल्या मजल्यावरची वसईची जॅकलीन डबा घेऊन काचेवर टकटक करत आली. शैलेंद्रला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "भाऊ, लाजू नका. नोकरी गेली काय?"

शैलेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी तह झाला. ठेवीला आणि खात्याला हात न लावता, घरखर्चातून दोघांनी पंचवीस-पंचवीस दिनार काढायचे आणि पन्नास दिनार बासितला आगाऊ द्यायचे. कोणी हरलं नाही. बासितने पैसे घेतले आणि सांगितलं, पार्ट दुबईहून येईल.

पार्ट काही येईना. शैलेंद्र रोज फोन करी, बासित रोज "इंशाल्ला" म्हणे. आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. एकतीस तारीख उलटली. सुनंदाच्या एकशे ऐंशी संधींपैकी एकीनेही ढुंकून पाहिलं नाही. आणि ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी बासित दारात उभा. एका हातात कॉम्प्रेसर, दुसऱ्या हातात पेढे.

"पार्ट इथेच मिळतो," तो खाली बघत म्हणाला. "खोटं बोललो, माफ करा. साहेब म्हणाले पैसा झोपू देऊ नये. वहिनी म्हणाल्या सोडतीआधी काढू नये. मी दोघांचं ऐकलं. तुमचे पन्नास बक्षीस-खात्यात टाकले. पाच हजार दिनार लागले."

सुनंदाच्या डोक्यात हिशेब लागला. म्हणजे तीन आठवडे आपण घामेजलो ते आपल्याच पैशाला बक्षीस लागावं म्हणून, आणि लागलं ते याला.

"त्यातले पंचवीस माझे होते," शैलेंद्र एकदम म्हणाला. बारा वर्षांचं तत्त्वज्ञान त्या एका वाक्यात वाहून गेलं. "निम्मं बक्षीस न्यायाने माझं."

"नशीब त्याचं, बक्षीस त्याचं," सुनंदा थंडपणे म्हणाली. "पण आपले पन्नास त्याने तीन आठवडे वापरले. चार टक्क्यांनी एकशे पंधरा फिल्स व्याज होतं. तेवढं त्याने द्यावं."

बासितने खिशातून नाणी काढून एकशे पंधरा फिल्स, म्हणजे दिनाराचा जेमतेम नववा हिस्सा, तिच्या हातावर मोजले. मग शैलेंद्रकडे वळून अदबीने म्हणाला, "साहेब, सोडतीच्या पैशाला पैसा म्हणू नये, तुम्हीच सांगितलं होतं. उरलेले तीस मात्र देऊ नका. काम माझ्याकडून."

तो आत ठोकाठोक करू लागला. इकडे हॉलमध्ये दोघं एकमेकांकडे पाठ करून बराच वेळ फोनमध्ये डोकं खुपसून बसले. शैलेंद्रने मुदतीच्या आठ दिवस आधी ठेव मोडली, व्याजावर पाणी सोडलं आणि सगळी रक्कम बक्षीस-खात्यात टाकली. सुनंदाने नऊ हजार वर्षभराच्या मुदत ठेवीत बांधून टाकले. मग दोघांनी एकमेकांचे फोन पाहिले.

"संभाव्यता शून्य नाही," शैलेंद्र म्हणाला.

"सोडतीच्या पैशाला पैसा म्हणू नये," सुनंदा म्हणाली.

बेडरूममधून गार वाऱ्याची झुळूक आली. पाठोपाठ हात पुसत बासित आला आणि मान वर करून हॉलच्या एसीकडे पाहू लागला.

"हा पण करून टाकू? सत्तर दिनारांत होईल."

"आत्ता नको," दोघं एकदम म्हणाले.